मायं म्हणजे माझे

माझ्यासमोर एक सात इंची तबकडी आहे आणि तिच्या मधोमध चिकटवलेल्या निळ्या कागदावर एक असत्य विधान छापलेले आहे : ‘गीत व चाल : पारंपरिक’. हे विधान पन्नासेक वर्षे विनाहरकत उभे आहे. त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही, कारण ज्याने तो घ्यायचा तो माणूस रिसोडच्या बाजारात पायजमे शिवत बसला होता आणि ज्यांनी ते गाणे ऐकले ते लग्नाच्या मांडवात नाचण्यात गुंतले होते. एवढेच असते तर मी दुसऱ्यांवर संतापून मोकळा झालो असतो. परंतु हेच विधान मीही एकदा, पूर्ण शुद्धीत, माझ्या सहीने खरे म्हणून लिहून दिले आहे. त्या सहीबद्दल मला लिहायचे आहे.

मी न्यायालयाच्या नक्कल विभागात आयुष्य काढले. पक्षकाराला निकालाची किंवा जबाबाची प्रत हवी असे; ती उतरवायची, मुळाशी ताडायची आणि खाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शिक्का मारायचा. मूळ कागदात ‘विहीर’ऐवजी ‘विहिर’ असेल तर नकलेतही ‘विहिर’च राहिली पाहिजे. अक्षर सुधारण्याची उबळ ज्यांना आवरत नसे त्यांची आमच्याकडून बदली होई. मला ती उबळ कधी आली नाही, याचा मला अभिमान होता.

निवृत्तीनंतर मी जुन्या, विसरलेल्या गाण्यांच्या तबकड्या पुन्हा काढू लागलो, त्याचे बीज याच शिस्तीत होते. शेलूबाजारच्या हमरस्त्यावर एका भंगारवाल्याने पाण्याच्या माठावर झाकण म्हणून तबकडी ठेवलेली मी पाहिली. पाणी प्यायला म्हणून झाकण उचलले, लेबल वाचले आणि पाणी न पिताच त्याच्याशी भांडायला लागलो. तो म्हणाला, “काका, इतका जीव जळते तं घिऊन जा. मी ताटली ठेवतो.” मी ती घरी आणली. पुढच्या नऊ वर्षांत अशा अकरा तबकड्या मी पुन्हा प्रसिद्ध केल्या. जिल्ह्या-जिल्ह्यांतले ऑर्केस्ट्रा त्या काळी मुंबईला जाऊन दोन गाणी भरून परत येत. अकॉर्डियन, बोंगो, गिटार, नव्या ढंगाची मराठी गाणी. ती छापणाऱ्या लहान कंपन्या बुडाल्या, मोठ्या कंपन्यांनी गिळल्या. हक्क आज कोणाकडे आहेत ते शोधायचे, परवाना मागायचा, सर्वांत कमी ओरखड्यांची प्रत मिळवायची, तिच्यावरून ध्वनी उतरवून घ्यायचा आणि मूळ लेबलासकट थोड्या तबकड्या दाबून घ्यायच्या, असे हे काम. त्याचा तीन चतुर्थांश भाग पत्रव्यवहाराचा आहे. माझ्या प्रत्येक पत्राला तीन प्रती, प्रत्येक प्रतीला पोचपावती. आमच्या घरी म्हणत, “ह्यायच्या पत्राले उत्तर फक्त पोस्टमन देते, तेबी तोंडी.”

माठावरची ती निळ्या लेबलाची तबकडी मात्र नऊ वर्षे तशीच पडून होती, कारण तिच्यावर पाण्याचे वर्तुळ उमटले होते. दुसरी बरी प्रत गेल्या वर्षी मिळाली. गाणे सर्वांना ठाऊक होते. ते कोणाचे, हे कोणालाच नव्हते. सायकलच्या कॅरिअरवर बसलेली मुलगी पुढच्याला सांगते : ‘हळू हाक रे सायकल तुझी, फाट्यावर मला उतरू दे.’ एवढेच. पण त्या काळी मुलीने उतरायचे ठिकाण स्वतः ठरवावे, यावर किन्हीराजा गावी माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात वडीलमंडळी भोंगेवाल्याच्या अंगावर धावून गेली होती, आणि वरात मात्र ते गाणे दुसऱ्यांदा लागेपर्यंत जागची हलली नव्हती.

परवान्याच्या अर्जात ‘गीतकार व संगीतकार’ अशी एक चौकट होती. मी लेबल पाहिले आणि चौकटीत ‘पारंपरिक’ लिहिले. ‘मूळ लेबलाप्रमाणे’ हे दोन शब्द पुढे लिहायला हवे होते. चौकट लहान होती. खाली छापलेलेच होते की वरील माहिती अर्जदाराच्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे सत्य आहे. मी सही केली. परवाना महिनाभरात आला आणि तबकड्या दाबणाऱ्या कारखान्याकडे काम सोपवून मी निश्चिंत झालो.

त्यानंतर काही दिवसांनी कोटाची बाही उसवली म्हणून मी रिसोडला एका शिंप्याकडे गेलो. दुकान म्हणजे घराच्या पायऱ्यांवरची एक मशीन आणि भिंतीला टेकलेला म्हातारा. बाजारात त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात. ते कापड डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघत होते. मी वाट पाहत ते गाणे गुणगुणत होतो.

“‘मला’ नाही जी,” दातांत दोरा धरूनच ते म्हणाले. “‘मले’.”

“रेकॉर्डमध्ये ‘मला’ आहे. माझ्याकडे मूळ प्रत आहे.”

“रेकॉर्डात काई बी असंन. आमची वळख रेकॉर्डाच्या आंधीची हाय.”

“म्हणजे? तुम्ही कोण?”

“म्या केलं ना ते गाणं.” त्यांनी मशीनचे चाक फिरवले. “बाही किती आत घिऊ, सांगा.”

मी विश्वास ठेवला नाही. पुरावा मागितला. दुसऱ्या फेरीत त्यांनी मापांच्या जुन्या वहीतले एक पान पुढे केले. एका बाजूला कोणाची तरी छाती, कंबर, मुंढा. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने पूर्ण गाणे, ‘सायकल तुयी’ आणि ‘मले उतरू दे’सह, दोन ठिकाणी खोडून बदललेले. तारीख नाही, सही नाही. पुरावा म्हणून तो कागद दुबळा होता. पण शब्द शोधताना केलेली खोडाखोड कशी दिसते आणि ऐकून उतरवताना झालेली कशी, हे मला कळते. माझे आयुष्य त्यातच गेले आहे. तो माणूस खरे बोलत होता.

ते गाणे भरणाऱ्या ऑर्केस्ट्राचे कपडे तेच शिवत. गाणाऱ्या मुलीने, जी आता हयात नाही, त्यांचे गाणे उचलले आणि तिच्याबरोबर तेही मुंबईला गेले. स्टुडिओत कोणीतरी कागद भरून घेतला. काही महिन्यांनी तबकडी आली, तिच्यावर त्यांचे नाव नव्हते. त्यांनी ऑर्केस्ट्राच्या मालकाला विचारले, हे ‘पारंपरिक’ काय असते?

“तो मने, पारंपरिक म्हंजे लय जुनं आन् लय इज्जतीचं,” मास्तर म्हणाले. “मले तं खुशी झाली. म्या घरी सांगतलं, आपल्याले पदवी भेटली.”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “पूरे मोहल्ले को बताया था. मिठाई भी बाँटी.”

मी म्हणालो, लेबल दुरुस्त करता येईल, मी कंपनीला लिहितो. तेव्हा मास्तरांनी प्रथमच काम थांबवले. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेलेला होता, आणि दुसऱ्यात, त्यांच्या शब्दांत, ‘बटनाच्या काजाएवढं’ दिसणे उरले होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी तेही काही महिन्यांचेच आहे असे सांगितले होते.

“मले पैशे-गिशे नोको. मले नाव वाचाचं हाय. छापलेलं. ह्या डोयानं, हा हाय तोवर.” मग लगेच, “होईन का, वकील सायेब?”

मी वकील नाही, हे मी सांगितले. आणि होईल, असेही सांगितले. दोन्ही विधाने एकाच दमात केली. त्यांतले एकच खरे होते.

तीन पत्रांना उत्तर आले नाही. चौथ्यात मी कलमे घातली आणि आवाज चढवला, तेव्हा कंपनीने जुन्या दप्तरातल्या दोन कागदांच्या छायाप्रती पाठवल्या. पहिला ध्वनिमुद्रणाच्या दिवशीचा तक्ता. त्यात शाईने : ‘गीत कोणाचे? आईचे (पारंपरिक).’ दुसरा गाण्याचा कागद. त्यात ‘तुयी’ खोडून ‘तुझी’ आणि ‘मले’ खोडून ‘मला’ केलेले.

मी त्या प्रती घेऊन रिसोडला गेलो आणि मास्तरांना वाचून दाखवले.

“आईचे? कोनाच्या आईचे?”

“तुमच्या. तुम्ही तसे सांगितले, असे इथे लिहिले आहे.”

“माह्या अम्मीचं गाणं?” ते इतके मोठ्याने हसले की समोरचा भाजीवाला वळला. “आवो, अम्मीले मराठीत भाव करता येत नव्हता!”

“अम्मी तो ये गाना लगते ही रेडियो बंद करती थी,” आतून आवाज आला. “बोलती थी, बेशरम लडकी है, सायकल से गिरेगी.”

मग मास्तर हसायचे थांबले. त्यांचे ओठ हलत होते. ते तेव्हाचे बोलणे पुन्हा म्हणून बघत होते. “त्यानं इचारलं, गाणं कोनाचं? म्या म्हटलं...” ते माझ्याकडे वळले. “म्या म्हटलं, मायं हाय.”

मायं. आमच्या वाशीमकडच्या बोलीत, माझे. मुंबईच्या त्या कारकुनाने ऐकले, माय. आणि सभ्य माणूस असावा, म्हणून ‘माय’चे ‘आई’ करून शुद्ध लिहिले. आईचे गाणे म्हणजे आजीचे, पणजीचे, म्हणजे कोणाचेच नाही; कंस केला आणि ‘पारंपरिक’ लिहून टाकले.

“हिंदीत इचारलं असतं तं म्या ‘मेरा’ म्हटलं असतं,” मास्तर हळू म्हणाले. “खतम. मराठीत इचारलं म्हून मराठीत सांगतलं.”

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, रिसोडच्या बसस्थानकावर गुडघ्यावर कागद ठेवून मी पाच पानी पत्र लिहिले. इतके सुबक पत्र मी पूर्वी लिहिले नव्हते. ज्या स्टुडिओत ‘तुयी’चे ‘तुझी’ करण्याइतकी समज होती, त्याच स्टुडिओत ‘मायं’चे ‘माझे’ का झाले नाही, हा माझा पहिला मुद्दा. मुसलमान कुटुंबातला माणूस आईला अम्मी म्हणतो, माय म्हणत नाही, हा दुसरा. सबब सदर नोंद ऐकण्याच्या चुकीतून उद्भवली असून ती मुळातच रद्दबातल आहे, हा निष्कर्ष. पत्र टाकल्यावर मला वाटले, काम झाले. डोळा तोवर टिकेल.

उत्तर आले की ‘मायं’ या शब्दाचा अर्थ ‘माझे’ असा असल्याचा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

मी एका सरकारी कचेरीत गेलो. खिडकीतल्या तरुणाने अर्ज दोनदा वाचला.

“काका, हा कायचा दाखला हाय? रहिवासी हाय आमच्याकडं, उत्पन्नाचा हाय, जातीचा हाय. ‘मायं’चा दाखला नाई निंघत.”

“तुम्ही घरी ‘माझे’ला काय म्हणता?”

“मायं.”

“तर तेवढे लिहून द्या.”

“माह्या सहीनं?” तो खुर्चीत मागे सरला. “काका, माही नोकरी हाय ना!”

माह्या आणि माही, दोन्ही शब्द त्याच्या तोंडात होते आणि त्यांना कागदावर यायची परवानगी नव्हती. मी खिडकीवर हात आपटला. रांगेतली माणसे हसली. एक बाई म्हणाली, “बाबाले पानी द्या कोनी.” शेवटी मी स्वतःचेच प्रतिज्ञापत्र केले : मी वाशीम जिल्ह्याचा जन्मापासूनचा रहिवासी असून शपथेवर सांगतो की मायं म्हणजे माझे. नोटरीने शिक्का मारताना विचारले, “याच्यात वाद काय आहे?” मी म्हणालो, वाद नाही, म्हणूनच कोणी ऐकत नाही.

त्या आठवड्यांत मास्तरांची मशीन बंद झाली. सुईत दोरा त्यांची बायको ओवून देई, पण शिवण कापडाबाहेर जाऊ लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच मशीनवर चादर टाकली. मी गेलो की विचारत, “आलं का?” मी नाही म्हणालो की माझ्या कोटाचे काठ बोटांनी चाचपत म्हणत, “तुरपाई पक्की हाय अजून.”

कंपनीचे शेवटचे उत्तर तीन ओळींचे होते. त्याला एक छायाप्रत जोडलेली होती. मी ती उघडली आणि माझे स्वतःचे अक्षर ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. चौकट. ‘पारंपरिक’. खाली माझी सही. उत्तरात लिहिले होते : अर्जदाराने स्वतः सदर रचना पारंपरिक असल्याचे सत्य म्हणून घोषित केले आहे. सबब अर्जदारास आता विरुद्ध म्हणणे मांडता येणार नाही. तबकडी मूळ लेबलाप्रमाणे काढावी अन्यथा परवाना संपुष्टात येईल.

त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते. एवढी वर्षे मी दुनियेला पत्रे लिहून धारेवर धरले, कोणाचा स्वल्पविराम सोडला नाही, आणि एका म्हाताऱ्याचे नाव दुसऱ्यांदा पुसणारा कागद माझाच निघाला. त्या कारकुनाची चूक कानाची होती. मी तर ऐकलेसुद्धा नव्हते; लेबलावरचे जसेच्या तसे उतरवले आणि ते खरे असल्याबद्दल सही केली. मुळातली खोट नकलेत तशीच ठेवायची, ही माझी फुशारकी होती. नक्कल विभागात निदान शिक्का असे. वाचणाऱ्याला कळे की हा माणूस केवळ उतरवणारा आहे. अर्जावर तो शिक्का नव्हता.

त्याच टपालाने कारखान्याकडून चाचणीची तबकडी आली होती. मोठे काम करण्यापूर्वी आवाज तपासायला अशी एक प्रत काढतात. तिच्यावर लेबल छापलेले नसते. मध्ये पांढरा कोरा कागद असतो. मी पत्र आणि तबकडी पिशवीत घातली आणि रिसोडची एसटी पकडली.

मास्तर दारातच बसले होते. मी समोर उभा राहिलो तरी त्यांची मान वळली नाही. चपलांच्या आवाजाने वळली. तेव्हा मला कळले.

“दिसत नाही का आता?”

“उजेड कोन्या अंगाले हाय ते समजते. बसा. आलं का?”

मी आधी पत्र वाचायचे ठरवून आलो होतो. वाक्येही जुळवली होती. परंतु त्यांच्या हाताने पिशवी आधी शोधली. तबकडी त्यांनी बाहेर काढली, कडेवरून तळवे फिरवले आणि मधल्या कागदावर अंगठा ठेवला.

“वाचा,” ते म्हणाले.

कागदावर नाही ते कागदावर आहे म्हणून मी जन्मात वाचले नव्हते. मी त्यांचे नाव वाचले. न्यायालयात पुकारा करतात तसे, आधी स्वतःचे, मग वडिलांचे, मग आडनाव; आणि पुढे ‘गीत व चाल’.

मास्तरांचा अंगठा कागदावर गोल फिरत राहिला. एकदा, दोनदा. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

“वकील सायेब,” ते म्हणाले, “छापलेल्या कागदाले शाईचा खरखरीतपना असते. पन्नास वरसं बोटानं कापड वळखलं म्या. डोये गेले. बोटं नाही गेली. कोरा हाय हा.”

“हो.”

“मंग खोटं काहून वाचलं?”

मी तेव्हा पत्र वाचून दाखवले. सगळे, माझ्या सहीसकट.

“म्हंजे एकदा त्यानं लिवलं, आन् दुसऱ्या खेपेले तुमी.”

“हो.”

“त्याले तं आपली बोली येत नव्हती. तुमाले येते.”

मी उठू लागलो, तर त्यांनी माझी बाही धरली. त्यांनीच आत घेतलेली बाही.

“नाव बाकी बराबर वाचलं तुमी. बापाचं बी घेतलं. पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचले. कोऱ्या कागदाकडे बघत. त्यांची बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती आणि पदराने तोंड झाकून रडत होती की हसत होती, मला पाहवले नाही.

“आता लिवा,” मास्तर म्हणाले.

मी म्हणालो की ही चाचणीची प्रत आहे, तिच्यावर हाताने लिहिणे म्हणजे दस्तऐवजात फेरफार.

“तुमी लिवलं ते त्यायनं एका डावात खरं मानलं,” ते म्हणाले. “तुमचं अक्षर खरं धरतात ना? मंग हेबी लिवा.”

मी खिशातले शाईचे पेन काढले आणि लिहिले. शाई वाळेपर्यंत त्यांना हात लावू दिला नाही. मग त्यांनी अंगठ्याने अक्षरे चाचपली. काही लागले नसावे. पेनच्या शाईला उठाव नसतो. पण त्यांनी मान हलवली.

परवाना मी स्वतः परत केला. कारखान्याला काम थांबवायला कळवले. खोट्या लेबलाच्या तबकड्या लोकांच्या घरी आणखी पन्नास वर्षे टिकल्या असत्या, आणि तिसरी नक्कल माझ्या हातून निघणार नव्हती. त्यानंतर मी दुसरी कोणतीही तबकडी हाती घेतलेली नाही. कंपनीला पाठवलेल्या पत्रात मी अर्जातले माझे विधान चुकीचे असल्याचे कबूल करून ते मागे घेतले. त्यात एक वाक्य मास्तरांचे आहे : ‘मायं गाणं हाय.’ त्याचे शुद्ध रूप मी दिले नाही, कंसात अर्थही दिला नाही. पोचपावती आली. सही वाचता येत नाही.

ती एकुलती तबकडी मास्तरांकडे आहे. माझा जुना प्लेअरही मी तिकडेच ठेवला आहे. दुपारी त्यांची बायको सुई ठेवून देते. तबकडी फिरू लागली की शाईतले नाव डोळे असणाऱ्यालाही वाचता येत नाही. गाणारी मुलगी ‘मला’ म्हणते आणि प्रत्येक वेळी मास्तर तिच्या जागी ‘मले’ म्हणतात, थोडे आधीच.

परवा गेलो होतो. त्यांच्या बायकोने चहा पुढे ठेवला.

“भाईसाब, जवाब आया?”

“नाही.”

“तो और एक लिखो,” ती म्हणाली, आणि मशीनवरची चादर बाजूला सारून तिने कागदापुरती जागा करून दिली.